तुलनात्मक तक्ता

सहा आठवड्यांसाठी मला तुर्कूला पाठवलं.
'तौलनिक शासनव्यवस्था व लोकसेवा.'
आदेशाखाली सोळा जणांना प्रत,
सतरावी निवड नस्तीला.
तोवर माझा परदेश म्हणजे सांगली:
जतहून पहाटेची एसटी,
मांडीवर टंचाईचा अहवाल.

तिथल्या नदीला पाणी होतं.
पहिल्या संध्याकाळी पुलावर उभी राहून
सवयीनं हिशोब केला, किती टँकर.
हसू आलं,
मग नाही आलं.

रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत,
एकीखाली एक, न भांडता.
गुनिल्ला बाई वर्गातही लोकरीच्या मोज्यांवर फिरायच्या,
म्हणाल्या, गावात शंभरात आठ माणसं
दुसऱ्या भाषेची निघाली
की गाव कायद्यानं दुभाषी.
मग खिडकीच्या आतल्यानं
बाहेरच्याची भाषा शिकून यायचं.
आम्ही बावीस अधिकारी, माना डोलावल्या.
मी वहीत लिहिलं: आठ टक्के.
खाली दोन रेघा.

शेवटी तक्ता भरायचा होता.
डावीकडे त्यांचं, उजवीकडे आपापलं.
'नागरिकाला त्याच्या भाषेत सेवा: व्यवस्था?'
डावीकडे कलमं मावेनात.
उजवीकडे मी लिहिलं, निरंक.
म्हणजे त्याचं इंग्रजी केलं,
पण इतका साळसूद शब्द
त्या भाषेत मिळाला नाही.

रात्री अकराला उजेड तसाच.
पडदा ओढला तरी फटीतून
इरगोंडा बिरादार दिसत राहिला,
शिपाई, सेवा तेहतीस वर्षं,
कर्तव्यसूचीप्रमाणे: घंटी वाजताच आत येणे,
नस्त्या नेणे, पाणी ठेवणे.
सूचीत नाही ते असं,
की उमदीची, तिकोंडीची, बिळूरची माणसं
माझ्या दारापर्यंत कन्नडमध्ये येतात
आणि टेबलापर्यंत त्याच्या तोंडून मराठीत.

एकदा नागव्वा आली होती, वारस नोंदीसाठी.
दहा मिनिटं बोलली.
मधे पदर तोंडाला लावला, पुन्हा बोलली.
इरगोंडा म्हणाला,
"म्हणती, दिरानं नाव लावू दिलं नाही."
आणि बाकीचं?
"बाकीचं तुमच्या कामाचं न्हाई, मॅडम."

हे कुठल्या रकान्यात भरायचं होतं?

परत आले. जिल्ह्याला सादरीकरण झालं,
बारा स्लाइड, टाळ्या, बालुशाही.
एकानं विचारलं, तिकडं जेवणाचं काय केलंत.
मी प्रस्ताव पाठवला: दुभाषी, एक पद.
अकराव्या दिवशी परत आला.
'सदर पद आकृतिबंधात नाही.'
बरोबरच आहे.
तोही कुठं होता आकृतिबंधात.

या एकतीसला इरगोंडा निवृत्त होतो.
शालीची वर्गणी गोळा झाली आहे,
नारळ तोच आणणार, स्वतःच्या सत्काराचा,
कारण बाजार त्याच्याकडे.
मी त्याला तुर्कूचं सांगितलं, आठ टक्क्यांचं.
कपबशी उचलत म्हणाला,
"आमी तर निम्मं असू की.
रोज एक शब्द घ्या. एकवीस दिवस हाईत, सुट्ट्या सोडून."

सोमवारी नागव्वा पुन्हा आली.
मी म्हणाले, "बर्री. कुंद्र्री."
ती दचकली. मग अख्खं तोंड भरून हसली,
बहुधा माझ्या उच्चारांना.
खुर्चीच्या कडेवर नाही,
पाठ टेकून बसली
आणि बोलू लागली.
दहा मिनिटांत मला तीन शब्द कळले.
मनी म्हणजे घर.
होल म्हणजे शेत.
मैदुन म्हणजे दीर.
चौथा एक शब्द ती सारखा म्हणत होती,
दर वेळी आवाज खाली आणून.

इरगोंडा दारातच होता, बाहेर बघत.
विचारता आलं असतं.